ज्वारीची बिअर, अकोला

फोटोत एका कॅनची मागची बाजू होती. इंग्रजी मजकूर बारीक अक्षरांत, आणि त्यातल्या एका ओळीखाली लाल शाईची रेघ. ती फोनवर काढलेली नव्हती, पेनाने थेट कॅनवर मारलेली होती. ओळीत चार घटक होते : पाणी, ज्वारीचा पाक, हॉप्स, यीस्ट. फोटोखाली लिहिलं होतं, ‘दोन आहेत. रविवारी ये. जेवण इथंच.’

मी तेव्हा जिल्ह्याच्या पानावर काम करत होतो. फोन पालथा ठेवला, पान छपाईला सोडलं आणि मग फोटो पुन्हा उघडला. पाठवणाऱ्याचा अकरा महिन्यांत फोन नव्हता, संदेशही नव्हता. माझ्याकडूनही गेला नव्हता.

पाठवणारे भाऊ. अमरावतीच्या ज्या दैनिकात मी उपसंपादक म्हणून लागलो, तिथे ते मुद्रितशोधक होते. मूळचे अकोल्याचे, आठवडाभर राजापेठेतल्या एका खोलीत राहायचे आणि शनिवारी संध्याकाळच्या गाडीने घरी जायचे. भाऊ हे त्यांचं कार्यालयातलं नाव. चूक सापडली की प्रूफ हातात घेऊन ते टेबलापाशी येत आणि आवाज न चढवता, पण चार टेबलांना ऐकू जाईल असं बोलत. माझ्या पहिल्याच आठवड्यात ते असे आले होते. ‘‘हे पाय. तुह्या बातमीतला मानूस दुसऱ्या परिच्छेदात मेला अन् पाचव्यात पोलिसाईले बयान देऊन राहिला.’’ मी दिलगिरी व्यक्त करू लागलो तर म्हणाले, ‘‘माफी नको मांगू. दुरुस्त कर.’’ पुढची बरीच वर्षं त्यांनी माझ्या चुका अशाच दाखवल्या. माझं मराठी लेखन ज्या काही दर्जाचं आहे, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

शनिवारी दुपारी, गाडीच्या आधी, त्यांच्या खोलीवर आम्ही एकेक बिअर घेत असू. कधी आणखी कोणी सहकारी असे, बहुतेकदा दोघंच. पहिल्या घोटाआधी भाऊ एक गोष्ट न चुकता करत. उजव्या हाताची अनामिका आधी स्वतःच्या ग्लासात बुडवून दोन थेंब जमिनीवर शिंपडत, मग तेच बोट बाकीच्यांच्या ग्लासांत बुडवून तसंच करत. त्यांचे वडील अकोल्यात कापड गिरणीत कामाला होते. पाळी सुटल्यावर बसणारे गिरणीतले लोक असंच करत; सगळ्यांच्या वतीने एक जण. ‘‘गेलेल्याईचं,’’ एवढंच ते सांगत. काही दिवसांनी ते माझ्या लक्षातही येईनासं झालं. समोरचा माणूस चष्मा पुसतो, तसं ते होतं.

भाऊ निवृत्त होऊन अकोल्याला कायमचे गेले. मग महिन्या-दोन महिन्यांनी मी रविवारी तिकडे जाऊ लागलो.

चार वर्षांपूर्वी माझं वजन सहा महिन्यांत नऊ किलोंनी उतरलं. रक्त कमी झालं, जिना चढताना दम लागू लागला. डॉक्टरांनी घशातून नळी घालून तपासणी केली, आतड्याचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवला आणि अहवाल समोर ठेवून सांगितलं, की गहू आणि जव यांत ग्लुटेन नावाचं जे प्रथिन असतं, ते माझ्या आतड्याला चालत नाही. त्यावर औषध नाही. पथ्य आहे, आणि ते कायमचं आहे. मी विचारलं, थोडं चालेल का. ते म्हणाले, ‘‘थोडं म्हणजे किती, हे तुमच्या आतड्याला विचारून सांगता येत नाही. म्हणून शून्य धरा.’’

शून्याची व्याप्ती घरी आल्यावर कळली. पोळी गेली, समोसा आणि कचोरी गेली, शेतातल्या पंगतीचे रोडगे गेले. बाजारातल्या हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, म्हणून फोडणीतला हिंग गेला. गिला वडा उडदाचा, तो चालायला हवा. पण गाडीवर तो समोशाच्याच तेलात तळतात, म्हणून तोही गेला. भात आणि भाकर राहिली. बिअर जवाची असते. ती सुटल्याचं दुःख कोणाजवळ सांगता येत नाही. डॉक्टरांनी अभिनंदन केलं, आणि आईने देवाला साखर ठेवली.

अकोल्याला भाऊंच्या शेजारी एक धान्याचे व्यापारी राहतात. भाऊ त्यांना सेठ म्हणतात, ते भाऊंना भाऊसाब. धर्मात मनाई असल्याने ते कधी प्यायलेले नाहीत, पण रविवारच्या बैठकीला हजर असतात. पडवीत एका बाजूला भाऊंची खुर्ची आणि दुसऱ्या बाजूला सेठची लोखंडी बाज, समोर त्यांचा सोडा. मी पहिल्यांदा सोडा मागितला त्या दिवशी ते बाजेवर सरकले.

‘‘आओ मियाँ,’’ ते म्हणाले. ‘‘बीस साल से मी एकटाच बसून राहिलो या साइडले.’’

‘‘माहा मानूस फोडला तुमी,’’ भाऊ म्हणाले.

‘‘मैंने नहीं फोडा. डॉक्टर ने भेजा है.’’

तेव्हापासून मी सेठच्या बाजेवर बसत असे. भाऊ एकटे पीत, आणि आमच्या सोड्याच्या ग्लासांत बोट बुडवत नसत. सोड्याला ती रीत लागू नव्हती.

मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर भाऊंनी जेवायला बोलावलं. वहिनींनी त्या दिवशी घरात पोळ्या केल्याच नाहीत. सगळ्यांसाठी ज्वारीच्या भाकरी, नव्या तव्यावर. पीठ मात्र कोपऱ्यावरच्या चक्कीतून आणलेलं होतं, आणि चक्कीवर ज्वारीच्या आधी कोणाचा तरी गहू दळून गेला होता. जात्याच्या कडेला राहिलेलं गव्हाचं पीठ पुढच्या दळणात येतं, हे मला ठाऊक होतं. मी विचारलं नाही. तीन भाकरी खाल्ल्या. परतीच्या वाटेवर मूर्तिजापूरच्या अलीकडे माझ्यासाठी बस थांबवावी लागली. नंतर मी नऊ दिवस रजेवर होतो.

तिसऱ्या दिवशी भाऊंचा फोन आला. ‘‘कार्यालयात केला होता. म्हनते तू आजारी हायेस. काय झालं?’’

‘‘व्हायरल आहे,’’ मी म्हणालो.

वहिनींनी मुद्दाम नवा तवा आणला होता. त्यांना कळू नये, असं मला वाटलं. पण महिनाभराने वहिनींनी सहज माझ्या पत्नीला फोन केला, आणि पत्नीने, तिला कोणी गप्प राहायला सांगितलेलं नसल्यामुळे, जे झालं ते सांगितलं. त्यानंतर भाऊंचे फोन थांबले. मी त्याचा अर्थ असा लावला, की ते ओशाळले आहेत. मी फोन केला तर तो विषय निघेल आणि त्यांना आणखी अवघड होईल, म्हणून मी केला नाही. बातमीत असा अंदाज मी छापला नसता. दुसऱ्या बाजूला विचारलं असतं. इथे विचारलं नाही आणि अकरा महिने गेले.

मग कॅनचा फोटो आला.

पत्नीने तो पाहिला, लाल रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, ‘‘जा. ग्लास आपला न्या. अन् पीठ कुठलं ते विचारा, लाजू नका.’’

रविवारी सकाळी राजापेठेतून बस धरली. पिशवीत माझं ताट, स्टीलचा ग्लास आणि वरण-भाताचा डबा होता. दुसऱ्याच्या घरी जेवायला जाताना डबा नेणं हा त्या घराचा अपमान आहे, हे मला कळत होतं. न नेल्यास काय होतं, तेही कळलं होतं. त्या दिवशी पुन्हा काही बिघडलं असतं, तर अकोल्याचं ते घर मला बंद झालं असतं. भाऊंनी पुन्हा बोलावण्याचं धाडस केलं नसतं, आणि बोलावलं असतं तरी मी गेलो नसतो. सत्तरी ओलांडलेला माणूस आणि पन्नाशी ओलांडलेला माणूस यांना अशी मैत्री दुसरीकडे नव्याने मिळत नाही. बसमध्ये मी तेवढाच विचार करत होतो. बिअरची चव कशी असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

दार वहिनींनी उघडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे.

‘‘डबा आनला काय?’’

‘‘हो.’’

‘‘आनला तं आनला. ठेवा तिथं. पयले इकडे या.’’

त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं. कोपऱ्यात जुन्या साडीच्या तुकड्याने झाकलेली दळणाची एक घरघंटी होती. त्यांनी कापड काढलं.

‘‘यात गहू एकडाव बी गेला नाई. आमच्या पोयाईचं दयन अजून चक्कीवरच जाते. हे मशीन निस्तं जवारीचं.’’

‘‘केव्हा घेतली, वहिनी?’’

‘‘झाले की आठ म्हैने.’’

आठ महिन्यांपूर्वी माझं इथे येणं ठरलेलं नव्हतं. मी येईन असं मानायला त्यांच्याकडे काही कारणही नव्हतं. त्यांनी घरघंटी पुन्हा झाकली आणि भाजीचं पातेलं उघडून दाखवलं. ‘‘यात हिंग नाई. जिरं-मोवरीवर केली.’’ हिंगाचं त्यांना कोणी सांगितलं, असं विचारल्यावर त्या हसल्या. ‘‘तुमच्या घरून. आमचे फोन कुठी बंद होते? तोंडं तं तुमा दोघाईची बंद होती.’’

पडवीत सेठ बाजेवर बसलेले होते. त्यांनी सोड्याची बाटली उचलून सलाम केल्यासारखं केलं. घरघंटीत पडणारी ज्वारी त्यांच्याकडून येत होती; अंजनगाव सुर्जीच्या त्यांच्या नातेवाइकांच्या शेतातली. ‘‘दाना दाना मैंने देखा है,’’ ते म्हणाले. ‘‘गव्हाचा एक जरी निघाला, तर दुकानाची पाटी उतरवून टाकतो.’’

‘‘पाटी पुसलीच कवा तुमी? ते वाचता येत नाई,’’ आतून येत भाऊ म्हणाले. ‘‘उतरवली काय अन् ठेवली काय.’’

भाऊ बारीक झाले होते. चष्म्याची काच जाड झाली होती. त्यांनी मला ‘ये’ म्हटलं नाही की ‘कसा आहेस’ विचारलं नाही. हातातला ट्रे स्टुलावर ठेवला. ट्रेमध्ये ओल्या फडक्यात गुंडाळलेले दोन कॅन आणि त्यांच्यासाठी नेहमीची बाटली. त्यांनी एक कॅन सोडवून माझ्या हातात दिला.

‘‘वाच.’’

मी वाचलं.

‘‘मोठ्यानं.’’

मी चारही घटक मोठ्याने वाचले. त्यांनी प्रत्येकाला मान हलवली. प्रूफ वाचताना मूळ प्रत हातात धरून ते अशीच मान हलवत. त्यांची मुलगी परदेशात असते. तिला त्यांनी अशी बिअर शोधायला हिवाळ्यापासूनच सांगून ठेवलं होतं. ती दुकानात जाऊन कॅन कॅमेऱ्यासमोर धरायची आणि भाऊ इकडून वाचायला लावायचे. तीन प्रकार त्यांनी नाकारले. एकावर ग्लुटेन काढून टाकल्याचं लिहिलेलं होतं, पण मूळ दाणा जवच होता. ‘‘म्या म्हनलं, काढून टाकलं म्हंजे काय? अगुदर होतं ना त्याच्यात? ते नको. ज्याच्यात नव्हतंच, ते आन.’’ मुलगी सुटीवर येताना साड्यांच्या घडीत दोन कॅन घेऊन आली. हाती आल्यावर भाऊंनी ते पुन्हा भिंगाखाली वाचले आणि रेघ मारली.

‘‘क्या जमाना आया,’’ सेठ म्हणाले. ‘‘इकडे जवारी ढोरं खाऊन राहिले, अन् तिकडे लोक पिऊन राहिले.’’

मी पिशवीतून माझा ग्लास काढला. भाऊंनी कॅन उघडला आणि माझ्या ग्लासात ओतला. फेस आला आणि लगेच बसला. रंग फिकट होता, गवती चहासारखा. मग त्यांनी आपली बाटली उघडली, आपला ग्लास भरला. मी माझा ग्लास उचलणार, तेवढ्यात त्यांचा हात पुढे आला. अनामिका त्यांच्या ग्लासात बुडाली, दोन थेंब जमिनीवर पडले. मग तेच बोट माझ्या ग्लासात बुडालं आणि आणखी दोन थेंब पडले.

हे सगळं दोन-तीन सेकंदांत झालं. भाऊ खुर्चीत मागे टेकले आणि माझ्याकडे पाहू लागले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

एका बोटाला किती बिअर चिकटते आणि त्यात किती जव असतं, हे मला माहीत नाही. कदाचित काहीच झालं नसतं. पण डॉक्टरांनी मला प्रमाण दिलेलं नव्हतं, नियम दिलेला होता. काय करता येईल, हे मी मोजलं. ओठ लावून ग्लास खाली ठेवता आला असता. हात धुण्याच्या निमित्ताने मोरीत ओतून येता आलं असतं. पिऊन टाकता आलं असतं, आणि पुढचे काही दिवस जे व्हायचं ते अमरावतीत झालं असतं. या तिन्हींत भाऊंना काही कळलं नसतं. मला वाचवण्यासाठी ज्या माणसाने इतके महिने लेबलं वाचली, त्याच्याच बोटाने त्याचं काम बिघडवलं, हे त्याला सांगायला मला नको होतं. सेठ सोड्याचा ग्लास हातात धरून माझ्याकडे पाहत होते. पीत नव्हते.

मी ग्लास स्टुलावर ठेवला.

‘‘भाऊ, तुमचं बोट पयले तुमच्या ग्लासात बुडालं. मंग माह्या.’’

भाऊंनी आपल्या बोटाकडे पाहिलं. ते अजून ओलं होतं. मग माझ्या ग्लासाकडे, मग आपल्या ग्लासाकडे पाहिलं. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो थांबला. वहिनी दारात आल्या.

‘‘सेठ,’’ भाऊ म्हणाले, ‘‘तुमी पायलं?’’

‘‘देखा तो.’’

‘‘मंग बोल्ले काहून नाई?’’

‘‘म्हटलं पाहू,’’ सेठ म्हणाले, ‘‘हे सांगतात, का यांना पुन्हा व्हायरल होते.’’

वहिनींनी पदर तोंडाला लावला. भाऊ हसले नाहीत. माझ्याकडेच पाहत राहिले.

‘‘मांगच्या वर्सी हे काहून नाई सांगतलं?’’

मी म्हणालो, की वहिनींनी एवढं केलं होतं, तुम्हाला वाईट वाटलं असतं.

‘‘वाटलंच असतं. वाटाचंच होतं ते.’’ त्यांचा आवाज चढला नव्हता. प्रूफ दाखवताना असायचा तोच होता. ‘‘इतके वर्सं तुह्या चुका म्या तुह्या तोंडावर सांगतल्या. चार लोकाईत सांगतल्या. तुले राग आला अशीन, पन तू दुसऱ्या दिवसी पुन्हा कॉपी घेऊन यायचा. माही एक चूक झाली, तं तू व्हायरल म्हनून राहिला. मले बायकोच्या तोंडून कयलं. म्हंजे मी असा मानूस हावो काय, का ज्याले चूक सांगता येत नाई?’’

‘‘मले वाटलं तुम्ही ओशाळले, म्हणून फोन करत नाही.’’

‘‘ओशायलो नव्हतो. राग आला होता.’’

‘‘पन मशीन आनलं,’’ वहिनी दारातून म्हणाल्या. ‘‘रागातच आनलं. मले म्हने, येवो का न येवो, आपलं पीठ नीट पायजे.’’

अकरा महिने मी जे समजत होतो ते चूक होतं, आणि ते दुरुस्त व्हायला अर्धं मिनिट लागलं. मी माफी मागायला तोंड उघडलं. भाऊंनी हात वर केला.

‘‘माफी नको मांगू.’’

पुढचं वाक्य त्यांनी उच्चारलं नाही, मला ते माहीत होतं.

ते उठले. मोरीवर जाऊन साबण लावून हात धुतले. परत आले, थोडं थांबले आणि पुन्हा जाऊन धुतले. मग माझा ग्लास उचलून त्यांनी स्वतःच तोंडाला लावला. अर्धा प्यायले, शेवटचा घोट तोंडात घोळवला आणि गिळला.

‘‘काय म्हणते जवारी?’’ सेठनी विचारलं.

‘‘हे तं थंडी आंबील हाये.’’

वहिनींनी ग्लास घेऊन वास घेतला. ‘‘महालक्ष्म्याईत करतो तसाच वास येते. मीठ तेवढं राहिलं.’’ मग त्यांनी माझा ग्लास आत नेला, राख आणि साबणाने घासला, उकळतं पाणी ओतून खंगाळला आणि कोरडा करून आणला. घासणीही नवी काढली होती. ती त्यांनी मला दाखवली.

दुसरा कॅन मी घरी घेऊन जावा, असा भाऊंचा बेत होता, पत्नीला दाखवायला. तो त्यांनी माझ्या हातात दिला. ‘‘खोल तू. वत बी तूच.’’ मी ओतला. ‘‘आता तुह्या बोटानं टाक.’’ इतक्या वर्षांत मी ते कधीच केलं नव्हतं. मी अनामिका बुडवली आणि दोन थेंब फरशीवर टाकले. ते स्टुलाच्या पायावर पडले. ‘‘गेलेले तिकडं नाई बसत,’’ भाऊ म्हणाले. मी आणखी दोन टाकले.

मग प्यायलो.

चव नोंदवायची तर अशी : सुरुवातीला पातळ गोडी, ज्वारीचा हिरवा धांडा चघळल्यावर जिभेवर येते तशी. नंतर आंबटपणा. कडूपणा अगदी थोडा आणि उशिरा. आयुष्यात प्यायलेल्या बिअरमध्ये ही चांगल्यांपैकी नव्हती. फेस टिकत नव्हता, आणि घोट उतरल्यावर मागे काहीच राहत नव्हतं. पण ती थंड होती, ती बिअर होती, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच भाऊ आणि मी एकाच वेळी ग्लास उचलला होता. मी ती हळूहळू प्यायलो. मधे एकदा भाऊंनी ‘बरी हाये?’ विचारलं, आणि मी खरं ते सांगितलं, की बिअर म्हणून फार बरी नाही.

‘‘मंग?’’

‘‘मंग काही नाही. आणखी असती तर आणखी प्यायलो असतो.’’

‘‘सुन लो,’’ सेठ म्हणाले. ‘‘खराब है, और चाहिए.’’ नंतर त्यांनी मला बाजेवरून उठवलं. ‘‘जाओ, अपनी पुरानी साइड. इथं सोडेवाले बसतात.’’ माझ्यासाठी भाऊंच्या शेजारी दुसरी खुर्ची आधीच मांडलेली होती. ती कोणी मांडली, हे मी विचारलं नाही.

जेवताना मी पीठ कुठलं, हे विचारलं. उत्तर माहीत होतं तरी विचारलं, कारण पत्नीला सांगायचं होतं आणि वहिनींनाही ते सांगायला आवडेल असं वाटलं. त्यांनी अंजनगावच्या शेतापासून घरघंटीपर्यंत सगळं क्रमाने सांगितलं. मी दोन भाकरी खाल्ल्या. तिसरी वाढायला त्या आल्या, तेव्हा घेऊ का, असं मी स्वतःला विचारलं आणि घेतली. डबा उघडला नाही. निघताना वहिनींनी तो उघडून त्यातला वरण-भात आपल्या पातेल्यात काढून घेतला आणि डब्यात आणखी दोन भाकरी घालून दिल्या. ‘‘तुमच्या घरचा भात आमी खाऊ. आमाले काई होत नाई.’’

परतीची बस मूर्तिजापूरला पाच मिनिटं थांबली. बाकीचे लोक चहाला उतरले. मी बसूनच राहिलो. मला काहीही होत नव्हतं.

सोमवारी सकाळी सातला भाऊंचा फोन आला. नमस्कार नाही, हॅलो नाही. ‘‘पोट?’’

‘‘ठीक.’’

फोन बंद. मंगळवारी तसंच झालं, बुधवारीही. डॉक्टर तपासणीनंतर सहा महिन्यांनी बोलावतात. भाऊ रोज तपासत होते. शुक्रवारी सकाळी फोन वाजला, तेव्हा मी पलंगावर गरम पाण्याची पिशवी घेऊन पडलो होतो. आदल्या दिवशी कार्यालयात एका सहकाऱ्याने साखरपुड्याची सोनपापडी वाटली होती. ती बेसनाची असते असं समजून मी एक तुकडा खाल्ला. तिच्यात मैदाही घालतात, हे नंतर डब्यावर वाचलं.

‘‘पोट?’’

‘‘दुखून राहिलं.’’

‘‘आमच्याकडचं?’’

‘‘नाही. सोनपापडी खाल्ली काल. मैदा होता. लेबल खाल्ल्यावर वाचलं.’’

‘‘कोनाची चूक?’’

‘‘माही.’’

‘‘तू उपसंपादक हायेस का काय हायेस, लेका? छापल्यावर वाचतो?’’ ते इतक्या मोठ्याने बोलले, की पत्नीला पलीकडच्या खोलीत ऐकू गेलं. मग त्यांचा आवाज खाली आला. ‘‘सांगतलं ते बरं केलं. ताक घे अन् पडून राय. उद्या पुन्हा करतो.’’

शनिवारी त्यांनी पुन्हा केला. पोट अजून दुखत होतं आणि मी तसं सांगितलं.